टाकीभर पाण्याचा हिशेब

कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे प्रवासात राहायच्या चाकांवरच्या घरातला, नळ घरातल्या नळासारखाच दिसतो, तसाच फिरतो आणि पाणीही तसंच देतो. घोटाळा होतो तो यामुळेच. या नळामागे असते बाकाखाली किंवा गाडीच्या पोटाखाली बसवलेली एक प्लास्टिकची टाकी, बहुतेक वेळा ८० ते १२० लिटरची. आणि हात मात्र घरच्या सवयीने चालतो. टाकी लवकर संपते हे लक्षात आलं की मंडळी स्वतःलाच आवर घालू लागतात. अंघोळ एक दिवसाआड, भांडी रात्री एकदाच, हात नुसते पुसून. दोन दिवस हे चालतं, मग सगळे वैतागतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. टाकीतल्या पाण्याचा बराच मोठा वाटा कोणाच्याही कामी न येता निघून जातो. तो आधी शोधावा. माणसांच्या गरजांना हात लावायची वेळ त्यानंतर, आणि पुष्कळदा ती येतही नाही.

मोठी टाकी बसवणं हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. पण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि ते गाडीला परवानगी असलेल्या सामानाच्या वजनातूनच वजा होतं. टाकी चाकांच्या आसापासून पुढे किंवा मागे असेल तर ओढणाऱ्या गाडीच्या हुकवरचा भारही बदलतो. अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेक लावताना डचमळते. आत आडव्या भिंती नसतील तर हा झोका चालवणाऱ्याला चांगलाच जाणवतो. त्यात सांडपाण्याची टाकी बहुधा चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असते. मुक्काम किती दिवस चालेल हे शेवटी दोघींपैकी जी आधी हात टेकेल ती ठरवते.

सुरुवात मोजण्यापासून करावी. भिंतीवरचा पाणी दाखवणारा काटा किंवा दिवे यांच्यावर फार विसंबू नये. बहुतेक टाक्यांच्या आत वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार धातूच्या खुंट्या असतात, आणि पाणी कोणत्या खुंटीपर्यंत आहे एवढंच त्या सांगतात. म्हणजे रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. मधलं काहीच कळत नाही. खुंट्यांवर क्षार किंवा बुळबुळीत थर बसला की तेवढंही खोटं ठरतं. एकदा सवड काढून टाकी पूर्ण रिकामी करावी आणि १० लिटरच्या कॅनने मोजून भरावी. प्रत्येक कॅननंतर टाकीच्या बाहेरून, पाणी दिसत असेल तर, खडूने किंवा पक्क्या शाईने खूण करावी. टाकी दिसत नसेल तर कोणता दिवा किती लिटरला लागला ते लिहून ठेवावं. मग पंपाने पाणी काढायला लागावं आणि पंप हवा ओढू लागेल तेव्हा टाकीत किती उरलं ते खालची बूच उघडून मोजावं. हे उरलेलं पाणी अनेकांच्या हिशेबातच नसतं. पंपाची नळी तळाला टेकलेली नसते, त्यामुळे सपाट तळाच्या टाकीत काही लिटर पाणी नेहमीच मागे राहतं. गाडी उभी करताना ज्या कोपऱ्यात ही नळी आहे तो कोपरा किंचित खाली ठेवला तर त्यातलं बरंच हाती लागतं. फक्त शॉवरच्या तळाचं पाणी जाण्याचं भोक कुठे आहे तेही बघावं, नाहीतर अंघोळीचं पाणी उलट्या बाजूला साचेल.

दुसरं माप प्रवाहाचं. मापाचं भांडं नळाखाली धरून १५ सेकंद पूर्ण सोडावा, आलेल्या आकड्याला चारने गुणावं. १२ व्होल्टचे पंप साधारण मिनिटाला ७ ते १० लिटर देतात. म्हणजे नळ पूर्ण सोडून कोणी विसरला तर १०० लिटरची टाकी पंधरा मिनिटांच्या आत कोरडी. साबण लावताना २० सेकंद नळ चालू राहिला तर अडीच-तीन लिटर गेले. हे आकडे एकदा स्वतःच्या भांड्यात पाहिले की हात आपोआप तोटीकडे जातो.

आता गळती. ज्या गाडीत दाबावर चालणारा पंप आहे, म्हणजे नळीतला दाब उतरला की आपोआप सुरू होणारा आणि चढला की थांबणारा, तिथे गळती शोधायला सर्वांत चांगलं साधन म्हणजे रात्रीची शांतता. सगळे नळ बंद, पंपाचं बटण चालू. अशा वेळी पंपाने पूर्ण गप्प राहायला हवं. मधूनच तो सेकंदभर गुरगुरून थांबत असेल तर कुठेतरी दाब उतरतो आहे. याची कारणं दोन असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक, पाणी खरोखर बाहेर जातं आहे. दुसरं, पंपाच्या आतली झडप झिजल्यामुळे पाणी उलटं टाकीतच परत जातं आहे. यात पंप झिजतो, पण पाणी वाया जात नाही. पारख करायला कोरडा टिश्यू पेपर घ्यावा आणि पंपाचे दोन्ही जोड, हीटरचे जोड, नळांच्या खालचे जोड, गाडीखालच्या पाणी सोडायच्या नळ्या, एकेक करून टिपत जावं. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. टॉयलेटच्या भांड्यात फ्लशच्या तोंडाशी बारीक ओहोळ आहे का तेही पाहावं. ही गळती दुहेरी महाग पडते, कारण वरची टाकी रिकामी होते आणि खालची भरते. सगळीकडे कागद कोरडा निघाला तर दोष पंपाच्या झडपेचा. सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी घालवतो. एका माणसाचं दिवसभराचं पिणं आणि स्वयंपाक त्यात भागतो.

एक ठिबकणं मात्र चांगलं. साठवणीच्या हीटरमध्ये १० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की ते दीडशे मिलिलिटरहून थोडं अधिक फुगतं. ती जागा कुठून तरी निघावी लागते, म्हणून दाब सोडणाऱ्या झडपेतून तापताना थोडं पाणी टपकतं. तापून झाल्यावर थांबलं तर चिंता नाही. ते बंद करण्यासाठी झडप आवळायला किंवा तिला बूच मारायला कोणी जाऊ नये. हीटर फुटण्याचं ते कारण ठरू शकतं.

गळतीपेक्षा मोठे अपघात बटणामुळे होतात. गाडी चालताना पंप बंद असलाच पाहिजे. एकदांड्याचा नळ खड्ड्यात हिसका बसून उघडतो, किंवा वरच्या कपाटातली वस्तू त्यावर पडते, आणि पोहोचेपर्यंत टाकी मोरीतून गेलेली असते. थंडीच्या ठिकाणी आणखी एक धोका असतो. काही हीटरांना गोठण्यापासून वाचवणारी आपोआप उघडणारी झडप असते. तापमान तीनेक अंशांवर आलं की ती हीटरमधलं सगळं पाणी बाहेर सोडते. पंप चालू राहिला तर तो दाब परत आणण्यासाठी टाकीतलं पाणी ढकलत राहतो आणि तेही त्याच झडपेतून जमिनीवर जातं. बाहेर पडताना आणि झोपताना पंपाचं बटण बंद करायची सवय ही माझ्या मते पाणी वाचवण्याची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठी युक्ती आहे. ज्यांच्याकडे पाण्यात बुडवायचा पंप आणि नळाच्या आत बसवलेला छोटा स्विच आहे त्यांनी तर ती नक्कीच लावून घ्यावी. हा स्विच ओलावा लागून अडकला की नळ बंद करूनही पंप फिरत राहतो.

नळाचा प्रवाह कमी करायला तोंडाशी हवा मिसळणारी जाळी, म्हणजे एरेटर, लावतात. मिनिटाला २ ते ४ लिटरची जाळी हात धुवायला पुरेशी होते. घेण्याआधी नळाचा आटा मोजावा, कारण कॅरॅव्हॅनच्या नळांचे आटे घरच्या नळांशी जुळतीलच असं नाही. बुडवायचा पंप असेल तर ही जाळी बहुधा निराशाच करते. त्या पंपाचा दाब इतका कमी असतो की घरच्या दाबासाठी बनवलेल्या जाळीतून नुसती धार ओघळते. दाबाच्या पंपावर वेगळीच अडचण येते. प्रवाह फार अडवला की दाब क्षणात चढतो, स्विच पंप बंद करतो, दाब उतरतो, पंप पुन्हा सुरू, आणि हे सेकंदाला अनेकदा. पंप थडथडतो, नळाची धार उचक्या देते, आणि काही काळाने स्विच जळतो. यावर उपाय म्हणजे पंपानंतरच्या नळीवर बसणारा पाऊण-एक लिटरचा दाब साठवणारा डबा. आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. त्यातल्या हवेचा दाब पंप सुरू होण्याच्या दाबाच्या जरासा खाली ठेवतात, आणि तो मोजायचा तो पंप बंद करून, नळ उघडून, नळीतलं पाणी सुटल्यावरच. पंपाआधीची बारीक गाळणीही महिन्याकाठी उघडून धुवावी. ती तुंबली की धार मंदावते, आणि मंद धारेखाली माणसं नळ जास्त वेळ उघडा ठेवतात.

पायाने दाबायचा पंप मात्र मला सगळ्यांत आवडतो. दोन्ही हात मोकळे, पाय उचलला की पाणी थांबलं, विजेची गरज नाही, थडथडणं नाही. नवी गाडी बांधून घेणाऱ्याने मोरीला एक तरी पायपंप मागून घ्यावा.

गरम पाण्याची वाट पाहताना वाया जाणारं पाणी सहसा कोणी मोजत नाही. आतून १० मि.मी. व्यासाच्या नळीच्या एका मीटरमध्ये साधारण ७८ मिलिलिटर पाणी मावतं. हीटरपासून नळ ५ मीटरवर असेल तर गरम पाणी येण्याआधी ४०० मिलिलिटर गार पाणी बाहेर पडतं. दिवसातून आठ वेळा असं झालं तर तीन लिटरहून जास्त. ते भांड्यात धरून भांडी भिजवायला वापरावं हे उघड आहे. हीटरच्या बाजूने आलेलं हे पाणी प्यायला मात्र वापरू नये. याहून सूक्ष्म गळती एकदांड्याच्या नळाची. दांडा मध्ये ठेवून पेलाभर पाणी घेतलं की हीटरमधून गरम पाणी नळीत शिरतं. ते नळापर्यंत पोहोचण्याआधीच आपण नळ बंद करतो, आणि ते तिथेच गार होतं. तापवलेली ऊर्जा फुकट गेली. म्हणून दांडा एरवी पूर्ण गारच्या बाजूला ठेवायचा, आणि गरम पाण्याची कामं एकापाठोपाठ एक करायची. नळीवर फोमचं वेष्टण चढवलं तर दुसऱ्या माणसाची अंघोळ नळीतल्या अजून कोमट पाण्यापासून सुरू होते.

अंघोळीबद्दल लोक उगाच धास्तावतात. पाच मिनिटं चालू ठेवलेला शॉवर मिनिटाला ८ लिटरने ४० लिटर पितो हे खरं. पण मिनिटाला ४ लिटर देणारी शॉवरची तोटी लावली, अर्धा मिनिट अंग भिजवलं, बंद केलं, साबण लावला, आणि सव्वा मिनिटात धुतलं तर ७ लिटरमध्ये अंघोळ होते, आणि चांगली होते. केस लांब असतील तर ३-४ लिटर वाढवावेत. शाम्पूचा फेस आधी हाताने निपटून काढला तर तेवढेही लागत नाहीत. तोटीवरच बंद-चालू करायचं बटण असेल तर पाण्याचं तापमान पुन्हा जुळवावं लागत नाही. पण त्यात एक खोच आहे. बटणाने पाणी थांबवलं तरी मागचा नळ उघडाच असतो, आणि दोन्ही नळ्यांवर उलट प्रवाह अडवणाऱ्या झडपा नसतील तर गरम पाणी गारच्या नळीत घुसतं. पुन्हा सुरू केल्यावर पहिली धार चटका देते किंवा गारठवते, आणि ती टाळायला माणूस पाणी सोडून बाजूला उभा राहतो. दोन स्वस्त झडपा हा प्रश्न मिटवतात. १० लिटरचा हीटर ६० अंशांवर असेल आणि गार पाणी १५ अंशांचं असेल तर ४० अंशांचं अंघोळीचं पाणी हिशेबाने १८ लिटर मिळतं. हीटरमध्ये मागून गार पाणी शिरत राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. तरी दोघांच्या अंघोळी एकाच तापवण्यात आटोपतात. हीटर नसलेल्या गाडीत हाताने हवा भरायचा ५ लिटरचा फवारणीचा पंप उत्तम काम देतो. तो नवाच घ्यावा, कधीही औषध भरलेला नको.

भांड्यांचं गणित मला फार सुंदर वाटतं, कारण त्यात पाणी कमी लागूनही भांडी अधिक स्वच्छ निघतात. आधी प्रत्येक भांडं रबरी खरवडणीने किंवा कागदाने पुसून काढायचं. तेल मोरीत जाऊच द्यायचं नाही, कारण सांडपाण्याच्या टाकीला वास येतो तो मुख्यतः या तेलाचा. मग दीड लिटर गरम पाण्यात अगदी थोडा साबण. जास्त फेस म्हणजे विसळायला जास्त पाणी, बाकी काही नाही. काचेच्या वस्तू आधी, मग ताटं, तेलकट पातेली शेवटी. आता विसळणं. समजा सगळ्या भांड्यांना मिळून २०० मिलिलिटर साबणपाणी चिकटलं आहे. दोन लिटरच्या एकाच भांड्यात विसळलं तर साबण अकराव्या हिश्शावर येतो. तेच दोन लिटर एकेक लिटर करून दोन भांड्यांत ठेवले आणि आधी एकात, मग दुसऱ्यात बुडवलं तर तो छत्तिसाव्या हिश्शावर येतो. पाणी तेवढंच, साबण तिपटीने कमी. शिवाय दुसरं भांडं जवळजवळ स्वच्छच राहतं, म्हणून त्याच बैठकीत पुढच्या घाण्याला ते पहिलं भांडं होतं, आणि आधीचं पहिलं पाणी धुण्याच्या भांड्यात जातं. वाहत्या नळाखाली विसळताना मात्र बरंचसं पाणी ताटाला न लागताच खाली जातं.

कपड्यांना हाच नियम अधिक लागू पडतो. लिटरभर साबणपाणी धरलेले कपडे ४ लिटरमध्ये एकदा खळबळले तर पाचवा हिस्सा साबण उरतो; २-२ लिटरमध्ये दोनदा खळबळले तर नववा. दर वेळी आधी घट्ट पिळून त्यातलं पाणी अर्ध्या लिटरवर आणलं तर तेच दोन खळबळे साबण पंचविसाव्या हिश्शावर आणतात. पिळायला बळ लागतं, पाणी नाही.

टॉयलेटचं थोडक्यात. कॅसेटची, म्हणजे बाहेर ओढून रिकामी करायची मैल्याची, टाकी साधारण १७ ते २० लिटरची, आणि एका फ्लशला ३०० ते ५०० मिलिलिटर पुरतात. वापरण्याआधी भांडं फवाऱ्याने ओलं केलं की नंतर पाणी कमी लागतं. सुरुवातीला रसायनाबरोबर टाकायला सांगितलेलं पाणी मात्र वाचवू नये. त्याशिवाय रसायन पसरत नाही आणि मैला तळाला चिकटून वाळतो. मोठी पक्की मैलाटाकी असलेल्या गाड्यांत तर फार काटकसर केली की भोकाखाली कोरडा ढीग उभा राहतो आणि टाकी रिकामीच होत नाही. विसळण्याचं पाणी मगाने थेट भांड्यात ओतायला हरकत नाही, फ्लशच्या टाकीत भरू नये. साबण आणि स्निग्ध अंश तिथे कुजतात आणि छोटा पंप तुंबतो. लघवी वेगळी करणारं कोरडं टॉयलेट बसवलं तर फ्लशचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं जमल्यावर माणशी रोजचा खर्च साधारण असा बसतो: पिणं आणि स्वयंपाक ४ लिटर, भांडी ३, हात-तोंड-दात २, टॉयलेट २, अंघोळ ७. एकूण १८, अंघोळीविना ११. दोन माणसं आणि हाती येणारं ९० लिटर पाणी, म्हणजे रोज अंघोळ करून अडीच दिवस आणि एक दिवसाआड केली तर तीन. त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर गाडी न हलवता दोन कॅन भरून आणणं सोपं पडतं. पिण्याचे १० लिटर कायम वेगळ्या कॅनमध्ये ठेवावेत आणि मुख्य टाकी संपली तरी ते अंघोळीला काढू नयेत. टॉयलेटनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्यातही काटकसर नको. प्रवासात पोट बिघडलं तर वाचवलेलं सगळं पाणी एका रात्रीत जातं.

वाचवलेलं पाणी किती दिवस ठेवायचं यालाही हद्द आहे. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान साचलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात, आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी नेमकी तिथेच असते. गाडी आठवडाभर बंद राहणार असेल तर टाकी आणि हीटर दोन्ही रिकामे करावेत. निर्जंतुकीकरण प्रवासात करू नये. त्याला दोन टाक्या पाणी लागतं, एक ब्लीचसाठी आणि एक नंतर धुऊन काढायला, म्हणून निघण्याआधी भरपूर पाण्याच्या ठिकाणीच ते उरकावं. ५ ते ६ टक्के तीव्रतेचं, वास न घातलेलं घरगुती ब्लीच लिटरला १ मिलिलिटर या प्रमाणात, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर, आधी बादलीत पातळ करून मग टाकीत. प्रत्येक नळ, गरम आणि गार दोन्ही बाजूंनी, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडावा आणि निदान चार तास तसंच ठेवावं. पिण्याच्या पाण्याचा कोळशाचा फिल्टर त्याआधी काढून घ्यावा. कोळसा क्लोरीन शोषतो आणि पुढच्या नळीपर्यंत ते पोहोचतच नाही. क्षार काढायचं आम्लाचं काम त्याच दिवशी करू नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो. हे ब्लीचचं पाणी नंतर टाकीच्या बुचातून न सोडता मोरीच्या आणि शॉवरच्या नळांतून सोडावं, खालचा सांडपाण्याचा व्हॉल्व्ह गटाराला जोडून उघडा ठेवावा, म्हणजे जाता जाता ते सांडपाण्याची टाकीही धुऊन काढतं.